ढगावरची तुटकी रेघ

३ ऑगस्ट २०२५, रविवार. भुईगाव
वारा नैर्ऋत्येचा, जोरात. पाऊस थांबून थांबून. सकाळचा बीपी १५०/९०.

जहाज सोडून चौदा वर्षं झाली, तरी कागदाला पेन टेकलं की आधी वाराच लिहिला जातो. वहीसुद्धा इंजिन-रूमचीच आहे. निवृत्त होताना दोन कोरी लॉगबुकं पिशवीत टाकून आणली होती, कंपनीने माफ करावं. एकात नातीने लहानपणी घरं आणि डोंगर काढले. दुसरं आज उघडतोय, कारण आजची बातमी कोणाला तरी सांगायला हवी आणि घरात मी एकटाच आहे.

स्टेफी जर्मनीला चालली. नोव्हेंबरच्या आठ तारखेचं विमान. स्टेफी म्हणजे माझी नात, डायनाची एकुलती एक. ढगांचा अभ्यास करते. आमच्या काळी ढगाकडे बघत बसणाऱ्या पोरांना मास्तर पट्टीने मारायचे, आता त्यांना परदेशात शिष्यवृत्ती देतात. मी तोंडभर कौतुक केलं. ती गेल्यावर मात्र खुर्चीतून उठवेना.

त्याचं कारण असं. डायना, माझी मुलगी, राहते वसई स्टेशनजवळ, रिक्षाने पंचवीस मिनिटांवर. पण एकोणीस वर्षांत ती या घराची पायरी चढलेली नाही. बोलत नाही असं नाही. कोणाच्या लग्नात भेटली तर "बरे आहात ना?" विचारते, बँकेतल्या साहेबाला विचारावं तसं. आमच्या दोघांमध्ये स्टेफी हाच एक साकव, ओढ्यावरचा लाकडी पूल असतो तसा. गेली सात वर्षं ती दर रविवारी डबा घेऊन येते, दोन तास बसते, इकडचं तिकडे सांगते. साकव उचलून जर्मनीला नेला तर राहिलं काय?

भांडणाचं कारण लहान आहे. मेरी गेली तेव्हा मी आलो नाही. मेरी माझी बायको. एवढंच कारण, आणि ते पुरेसं आहे.

मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, डायना सकाळी येऊन मेरीच्या कबरीवर फुलं-मेणबत्त्या लावून जाते. मी संध्याकाळी जातो. तिच्या विझलेल्या मेणबत्त्यांशेजारी माझ्या लावतो. मी मेल्यावर ती माझ्या कबरीवर येईलच, रीत म्हणून तरी. मला जिवंतपणी एकदा तिच्या शेजारी उभं राहायचं आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. असे किती दोन नोव्हेंबर उरले, कोण जाणे.

डब्यात बांगड्याचं आंबट-तिखट होतं. चव थेट मेरीच्या हाताची, रक्ताचा गुण. फक्त मीठ कमी. पोरीला एवढं शिक्षण मिळालं, मीठ घालायचं काही कळत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
वारा मंदावला. केळीच्या दोन झाडांना टेकू दिले.

आज एक गंमत कळली. छत्तीस वर्षं जहाजावर काढली आणि ही गोष्ट मला माझ्या नातीने घरातल्या टेबलावर शिकवली.

स्टेफीने लॅपटॉप उघडला. उपग्रहाचा फोटो, समुद्रावर पांढरट ढगांची चादर पसरलेली. त्या चादरीवर पांढऱ्याशुभ्र रेघा, लांबच लांब, एकमेकींना छेदणाऱ्या, कोणी नखाने ओरखडे काढावेत तशा.

"आजोबा, गेस करा हे काय आहे."

"विमानं?"

"नाही ना! बोटी. तुमच्या बोटींचा धूर. शिप ट्रॅक म्हणतात याला."

मग समजावून सांगितलं. समुद्रावरच्या खालच्या ढगात पाण्याचे थेंब असतात. थेंब बनायला मध्ये काहीतरी कण लागतो. जहाजाच्या नळकांड्यातून गंधकाच्या धुराचे अब्जावधी कण वर जातात. पाणी तेवढंच, पण ते जास्त कणांवर वाटलं जातं, म्हणून थेंब बारीक आणि पुष्कळ होतात. असा ढग जास्त उजळ दिसतो आणि ऊन परत वर फेकतो. मी म्हटलं, म्हणजे कणकेचा गोळा एकच, चार पोळ्यांऐवजी चाळीस पुऱ्या केल्या. ती म्हणाली, "एक्झॅक्टली! हे मी माझ्या प्रेझेंटेशनमध्ये टाकणार."

आता या रेघा कमी झाल्यात म्हणे. २०२० पासून जहाजांच्या तेलातलं गंधक कमी करायचा नियम आला. धूर स्वच्छ झाला, माणसांची फुफ्फुसं वाचली, पण ढगही जरा फिके पडले. समुद्राला मिळणारी तेवढी सावली गेली. मी ऐकतच राहिलो. ते जुनं तेल म्हणजे काय चीज होतं! थंडीत डांबरासारखं घट्ट. तापवा, गाळा, पुन्हा तापवा, तेव्हा कुठे इंजिनाच्या घशाखाली उतरायचं. आयुष्यभर तो वास अंगाला होता. मेरी माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. ते तेल वाईटच होतं, त्याची बाजू घेत नाही. पण त्या घाणीने ढगावर अशी पांढरी रेघ उमटत होती, हे ऐकून छाती थोडी फुगली. खोटं कशाला बोलू?

आणि आम्हाला ती कधी दिसली नाही. दिसणार कशी, आम्ही खाली. आफ्रिकेच्या पश्चिमेला तर आठ-आठ दिवस सूर्य नाही. डोक्यावर करडं छप्पर, इतकं खाली की शिडी लावून हात पोचेल. मी मेरीला पत्रात लिहिलं होतं, इथे ऊन बघायला मिळत नाही. तिचं उत्तर आलं ते दीड महिन्याने, रॉटरडॅमला: "इथे अंगणात सुकटीला भरपूर ऊन आहे. थोडं पाकिटात घालून पाठवू का?" आणि शेवटी नेहमीचं वाक्य, "माझ्या सवतीला सांभाळा."

सवत म्हणजे जहाज. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ती जहाजाला सवतच म्हणायची. मी सुट्टीवरून निघालो की वेशीपर्यंत यायची आणि म्हणायची, "जा, वाट बघत असेल ती." हसून म्हणायची. मला वाटायचं, हसते आहे म्हणजे ठीक आहे.

८ सप्टेंबर, सोमवार
मारियामातेच्या जन्माचा सण. म्हणजे मेरीच्या नावाचाही. सकाळी मिस्सा, मग रिक्षा करून पाचूबंदरला व्हिन्सेंटकडे.

व्हिन्सेंट माझा ऑईलर होता, इंजिनाचं तेलपाणी बघणारा, शेवटच्या अकरा वर्षांतला. कोळी माणूस. आता गुडघे गेलेत, दारात बसून पोरांची जाळी दुरुस्त करतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या देतो. मला बघितल्यावर अजून उभा राहायला बघतो.

"बस रे," मी म्हटलं. "इथे कोणी चीफ इंजिनिअर नाही."

"मंग कोन हाय? चीफ तो चीफ."

त्याला रेघांचं सांगितलं. त्याने बराच वेळ आकाशाकडे बघितलं आणि विचारलं, "म्हंजे आपन वरती लिहीत होतो?"

मग व्हायचं तेच झालं, गोष्ट त्या दिवसावर गेली. आम्ही दोघं भेटलो की जाते. मी कोणाला सांगितलेली नाही, त्यानेही नाही. आज इथे लिहून टाकतो. वही माझीच आहे.

९ ऑक्टोबर २००६, सोमवार. मेरी आदल्या दिवशी सकाळी गेली होती, मेंदूत रक्तस्राव, तीन तासांत खेळ संपला. आम्ही रॉटरडॅमहून रिकामे निघालो होतो, आफ्रिकेला वळसा घालून कोळसा भरायला. भुईगावात मयत साडेचारला निघणार होती. माझ्या मनगटावरचं घड्याळ मी कधीच जहाजाच्या वेळेला लावलं नाही, ते कायम भुईगावच्या वेळेवर चालायचं. साडेचार वाजले. जहाजावर तेव्हा दुपारचे बारा. मी कंट्रोल-रूममधून वर ब्रिजवर, जिथून जहाज हाकतात तिथे, फोन केला की तीन नंबरच्या सिलिंडरचा फ्यूएल पाइप गळतोय, इंजिन थांबवावं लागेल. आणि थांबवलं.

पाइपला काहीही झालं नव्हतं.

इंजिन थांबल्यावर जी शांतता येते ती समुद्रावर काम न केलेल्याला सांगून कळणार नाही. ते धडधडणं आपल्याच छातीत असतं. व्हिन्सेंट माझ्या शेजारी उभा होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "चीफ, पानी ऐकू येते." खरंच, लोखंडाच्या पलीकडून पाणी चुबकत होतं. इतक्या वर्षांत मी ते इंजिन-रूममधून पहिल्यांदा ऐकलं. मग त्याने खिशातून रोझरीची जपमाळ काढली आणि आम्ही दोघांनी तिची पाचही रहस्यं म्हटली. मी पाना हातात धरूनच म्हटली, कोणी आलं तर कामात दिसावं म्हणून. पाच चाळीसला इंजिन पुन्हा चालू केलं.

लॉगमध्ये लिहिलं: "मेन इंजिन बंद, ७० मिनिटं. कारण: युनिट ३, फ्यूएल पाइप गळती." सगळ्या नोकरीत मी केलेली एकच खोटी नोंद. अजून टोचते. कॅप्टनला काही कळलं नाही. भोळा माणूस. फुटलेला पाइप दाखवा असंही म्हणाला नाही, आणि एरवी तो एका नटासाठी खुलासा मागायचा. त्या संध्याकाळी मेसमधल्या माझ्या टेबलावर कोणीतरी मेणबत्ती लावून ठेवली होती. बहुतेक जेवण वाढणाऱ्या स्टुअर्डने.

निघताना व्हिन्सेंट म्हणाला, "पोरीला सांगा ना चीफ. किती वर्सं पोटात ठेवाल?"

काय सांगू? तुझ्या आईला माती देत होते तेव्हा मी तिकडे इंजिन बंद करून उभा होतो? त्याने काय झालं? मी आलो तर नव्हतोच.

२१ सप्टेंबर, रविवार
बीपी १६०/९५. गोळी घेतली.

स्टेफीच्या डोक्यात नवीन खूळ. तिच्याकडे २००२ पासूनचे सगळे फोटो आहेत. म्हणाली, "आजोबा, आजी गेली तेव्हाची तुमची शिप शोधू या! तुम्ही रोज दुपारची पोझिशन लिहायचात ना डायरीत? ती मिळाली तर ट्रॅक सापडेल. मी मम्मीला दाखवते की बघ, आजोबा समुद्राच्या मधोमध होते, कसे येणार होते? प्रूफ! ती बोलेल मग."

पोरीचा चेहरा उजळला होता. मी म्हटलं, ती डायरी वाळवीने खाल्ली.

"सगळी?"

"सगळी."

तिने मागच्या कपाटाकडे बघितलं. काचेतून सगळ्या डायऱ्या ओळीने दिसत होत्या, २००६ सुद्धा. डबा टेबलावर ठेवून निघून गेली. भरलेलं पापलेट होतं, काटे काढून भरलेलं. गेल्या महिन्यात मी काटा अडकल्याचं तिला सांगितलं होतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
पाऊस गेला. वारा आता उत्तरेचा लागेल. एकोणीस वर्षं झाली.

आज खरं लिहितो. डायरीला वाळवी लागलेली नाही. वाळवी मलाच लागलेली आहे.

स्टेफीला वाटतं मी समुद्राच्या मधोमध होतो. डायनाला मी तसंच सांगितलं होतं. रविवारी दुपारी ब्रिजवरून सॅटेलाइट फोन केला, तेव्हा डायना रडत नव्हती. एकोणतीस वर्षांची होती, स्टेफी कडेवर. म्हणाली, "डॅडी, मम्मीला हॉस्पिटलच्या शवागारात ठेवतो. शुक्रवारपर्यंत ठेवतील. तुम्ही या." मी म्हटलं, "ठेवू नका. मला पोचायला दहा दिवस लागतील. उद्याच करून घ्या."

दहा दिवस लागणार नव्हते. त्याआधी अर्धा तास कॅप्टन नकाशा घेऊन माझ्या केबिनमध्ये आला होता. म्हणाला, "वळवतो जहाज. मंगळवारी रात्री वॉल्व्हिस बे बंदर. तिथून विमान." गुरुवारी, फार तर शुक्रवारी सकाळी मी भुईगावात असतो. मी नको म्हटलं. सांगितलं की सेकंड इंजिनिअर नवीन आहे, एक जनरेटर उघडलेला आहे, माझ्याशिवाय जमणार नाही. हे सगळं खरं होतं. पण खरं कारण ते नव्हतं.

खरं कारण, मी भ्यालो. ऑगस्टमध्ये वेशीवर उभी राहून "जा, वाट बघत असेल ती" म्हणणारी मेरी मला तशीच हवी होती. तिचं मेलेलं तोंड बघायचं धाडस माझ्यात नव्हतं. वादळात जहाजाच्या पोटात शाफ्ट दुरुस्त केलेला माणूस मी, आणि बायकोच्या शवपेटीला घाबरलो.

डिसेंबरात घरी आलो तेव्हा डायना दारातच म्हणाली, "मम्मी बरोबर बोलायची. सवतच जिंकली." आणि स्टेफीला उचलून निघून गेली. ती पायरी उतरली ती उतरलीच.

आता हा फोटो निघाला तर त्यावर किनारासुद्धा असेल. डायना मास्तरीण आहे, शाळेत भूगोलच शिकवते. अंतर मोजायला तिला पट्टीही लागणार नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

स्टेफी आली. जायला चार आठवडे राहिलेत. आज काही मागितलं नाही, नुसती बसली. मी उठलो, कपाटातून २००६ काढली आणि तिच्या हातात दिली.

"वाळवीने परत केली," मी म्हटलं.

ती हसली. मी नाही हसलो. म्हटलं, "आईला दाखव. जे निघेल ते दाखव. आणि सांग की डॅडी खोटं बोलले होते. दहा दिवस नव्हते, पाच होते."

 स्टेफीने डायरी ओढणीत गुंडाळून घेतली, पावसात न्यावी तशी. बाहेर लख्ख ऊन होतं.

हे लिहिताना हात हलका वाटतोय. छाती नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
स्टेफी आली नाही. डबाही नाही. फोन लावला, उचलला नाही. संध्याकाळी "बिझी आहे आजोबा" एवढा मेसेज.

झालं. होतं तेही गेलं. पेज करून खाल्ली, भरपूर मीठ घालून.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
समुद्रावर जाऊन आलो. सुरूच्या बनात पोरं फोटो काढत होती. पूर्वी इथे बसून मेरी आणि मी भाजलेले चिंचोके खायचो. लांब एक जहाज होतं, मुंबईकडे चाललेलं. धूर दिसत नव्हता. आजकाल दिसतच नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार
बीपी मोजला नाही.

स्टेफी आली. डबा मोठा, चार खणांचा. चेहरा उतरलेला. मी आधीच म्हटलं, "बोल, आई काय म्हणाली ते सांग."

ती म्हणाली, "आधी हे बघा." लॅपटॉप उघडला.

करड्या ढगांची चादर. उजव्या अंगाला आफ्रिकेचा किनारा, पिवळा वाळवंटी. मी आधी तोच बघितला. खरंच जवळ होता, बोटाच्या दोन पेरांवर. मला शरमेने वर बघवेना.

"किनारा नका बघू," स्टेफी म्हणाली. "हे बघा. ही तुमची रेघ. डायरीतली पोझिशन अगदी फिट बसते."

रेघ होती. वायव्येकडून आग्नेयेकडे, सरळ, पांढरी. मी बोट लावलं. माझं तेल, माझा धूर. मेरीच्या मयतीच्या दिवशीची माझी रेघ.

"फोटो आपल्या साडेसहाचा आहे, संध्याकाळी," ती म्हणाली. "मी टाइम मॅच केला, वाऱ्याचा स्पीड वगैरे पकडून. पण एक प्रॉब्लेम आहे. आधी मला वाटलं सॅटेलाइटमध्ये लोचा आहे. आठवडाभर तेच चेक करत होते, म्हणून आले नाही. दुसऱ्या शिप्सच्या लाइनी नीट आहेत. फक्त तुमची मध्येच तुटते. इथे. तीस-पस्तीस किलोमीटर काहीच नाही. मग परत एवढुशी सुरू होते. आजोबा, आपल्या साडेचारपासून पुढे तासभर तुमची शिप कुठे गेली होती?"

मी मूर्खासारखा त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिलो. छत्तीस वर्षं इंजिन चालवलं. दोन महिने या पोरीकडून धुराचं शास्त्र शिकतोय. आणि इंजिन नाही तर धूर नाही, धूर नाही तर रेघ नाही, जहाज उभं असलं तरी वर वारा ढग पुढे नेत राहतो, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी आपला किनाऱ्याचं अंतर मोजत बसलो होतो.

"कुठे गेली नव्हती," मी म्हटलं. "थांबली होती."

"का?"

मी सांगितलं. फ्यूएल पाइपची खोटी नोंद, व्हिन्सेंटची रोझरी, हातातला पाना, पाण्याचा आवाज. सांगताना माझा आवाज फुटला आणि मी तो फुटू दिला. स्टेफी टेबलाच्या कडेला हात लावून उभी होती. तिने विचारलं, "कॅप्टनला माहीत होतं?"

"छे. त्याला काय कळणार."

"सत्तर मिनिटं इंजिन बंद, आणि त्याने एकदाही विचारलं नाही?"

 हे कधी असं डोक्यात आलं नव्हतं. मेसमधली मेणबत्ती आठवली. आमच्या स्टुअर्डला मेणबत्त्यांच्या कपाटाची किल्ली कुठून मिळणार? ती कॅप्टनकडे असायची.

जाताना तिने डबा पुढे केला. मी म्हटलं, "तू जर्मनीला गेलीस की हे बांगडे बंद. छान करतेस, मीठ तेवढं सांभाळ."

ती दारात थांबली. "आजोबा, मला साधं अंडं उकडता येत नाही."

"मग हे?"

"तुम्हाला बीपी आहे म्हणून मीठ कमी घालते मम्मी. दर वेळी मला बोलते, सांगू नकोस."

रिक्षा गेल्यावर मी बराच वेळ डबा उघडला नाही. सात वर्षं, दर रविवारी. आणि मी चवीला रक्ताचा गुण म्हणत होतो.

२ नोव्हेंबर, रविवार. मृतांचा दिवस
वारा उत्तरेचा, हलका. आकाश स्वच्छ.

सकाळी गेलो नाही. सकाळ तिची असते. संध्याकाळी पावणेसहाला मेणबत्त्या आणि झेंडूची माळ घेऊन निघालो. दफनभूमीत गर्दी होती. सगळ्या कबरी धुतलेल्या, फुलांनी भरलेल्या. फादर पाणी शिंपडत एकेक ओळ पुढे सरकत होते.

मेरीच्या कबरीवर सकाळच्या विझलेल्या मेणबत्त्या नव्हत्या. डायना उभी होती. एकटीच, निळी साडी, हातात माझी २००६ ची डायरी.

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.  मग ती कबरीकडे बघतच म्हणाली, "शुक्रवारपर्यंत आला असतात."

"हो."

"मग का नाही आलात?"

"भ्यालो. तिचं तोंड बघायला भ्यालो."

 मी वाट बघत होतो की आता ती निघून जाईल. पण तिने डायरी उघडली. त्यात स्टेफीने छापलेला फोटो होता.

"साडेचार ते पाच चाळीस," ती म्हणाली. "नक्की?"

"घड्याळ भुईगावचंच होतं."

"तुम्हाला साडेचार सांगितलं होतं. पण साडेचारला आम्ही निघालोच नाही, डॅडी." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला डॅडी म्हटलं. "तुम्ही फोनवर म्हणाला होतात, उद्या जमलं तर निघायच्या आधी फोन करतो. मी सगळ्यांना थांबवून धरलं. फादर दोनदा ओरडले. मोबाइल हातात घेऊन बसले होते पेटीजवळ. तो मला तिच्या कानाला लावायचा होता. तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून. पावणेसहापर्यंत थांबले. मग पेटी उचलली."

फोनचं मी विसरून गेलो होतो. देवाशपथ, पार विसरलो होतो. फोन वर ब्रिजवर होता आणि मी खाली होतो, हातात पाना धरून.

"म्हणजे मी इंजिन चालू केलं..." मी म्हटलं.

"तेव्हा ती घरातून निघाली."

आम्ही दोघंही त्या एका तासात थांबलो होतो. डायना इथे पेटीजवळ, मी तिकडे बंद इंजिनापाशी. दोघंही मेरीसाठीच, आणि एकमेकांचं एकमेकांना ठाऊक नाही. मी रडलो. लोकांत रडलो, पहिल्यांदाच. डायनाही रडली. तिने माझ्या हातातली माळ घेऊन क्रूसाला घातली आणि म्हणाली, "मम्मी म्हणाली असती, सवतीला माझ्यासाठी थांबवलं म्हणजे कमालच केली."

मेणबत्त्या लावल्या. तिच्या आणि माझ्या एकाच वेळी. अंधार पडायला लागला तसे लोक निघाले. मलाही वाटलं, फार वेळ घेतला तिचा. मी काठी उचलली.

"थांबा ना, डॅडी," ती म्हणाली. "मेणबत्ती संपेपर्यंत."

नोंद: सायंकाळी ६.०५ ते ७.२० थांबलो. कारण: मेरी.